मुरूम लागेपर्यंत

मी गवंड्याची मुलगी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

वडील कोणाचंही काम घ्यायचे, शाळेची भिंत असो की दर्ग्याचा ओटा, आणि सुटीत मला सोबत न्यायचे. ओळंब्याची दोरी धरायला त्यांना फुकटचं माणूस हवं असायचं, बाकी लाडबीड काही नाही. दहाव्या वर्षी मला विटेवर वीट आपटून आवाजावरून सांगता यायचं की ती भट्टीत नीट भाजली आहे की नाही. पुढे शिकले, मास्तरीण झाले, थापीशी संबंध संपला. आमच्या चर्चच्या मंडळीनं माझ्याकडे शब्बाथ शाळा दिली. रविवारी पोरांना बायबलातल्या गोष्टी सांगायच्या, वचनं पाठ करून घ्यायची, नाताळात नाटुकलं बसवायचं. पंचवीस वर्षं तेच करते आहे. मला पोरांचा फार लळा आहे असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. पोरं मला टरकतात, म्हणून वर्ग शांत असतो.

आमची मंडळी अकोल्याची. दरवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही पंधरा-सोळा जण एखाद्या खेड्यातल्या लहान मंडळीकडे आठवडाभर जातो. तिथं काहीतरी बांधून द्यायचं आणि गावातल्या मुलांची बायबल शाळा घ्यायची, असा शिरस्ता. पुरुषांनी बांधायचं, बायांनी मुलं बघायची. पुरुष म्हणजे कोण, तर एक औषधांचा दुकानदार, दोन कारकून, तीन-चार कॉलेजातली पोरं जी घमेलं डोक्यावर घेतलं की आधी फोटो काढायची. यातल्या एकानंही जन्मात वीट लावलेली नव्हती. मला लावता येत होती. मला रंगीत खडू मिळाले. पहिली दोन-तीन वर्षं मी कुरकुर केली, मग सोडून दिलं.

त्या वर्षी जऊळक्याजवळच्या एका वस्तीवर जायचं ठरलं. अकोल्याहून रेल्वेनं जऊळका, तिथून दोन जीपगाड्या. भाऊबीज होऊन तीन-चार दिवस झाले होते. सोयाबीन निघून गेलं होतं, रस्त्याच्या कडेला मळणीच्या भुशाचे, कुटाराचे ढीग होते, आणि कापलेल्या रानात जमीन काळीभोर उघडी पडली होती. त्या जमिनीकडे मी जीपमधून बघत होते आणि मला वडिलांची आठवण येत होती. काळ्या जमिनीतलं काम म्हटलं की ते कपाळाला आठ्या घालायचे.

वस्तीत आठ-दहा घरं ख्रिस्ती, बाकी हिंदू. त्यातली निम्मी माणसं तुळशीचं लग्न झालं की ऊसतोडीला जातात ती थेट वैशाखात परततात. मुलंही सोबत जातात, कारण घराला कुलूप लागतं. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहतं आणि पोरगं उसाच्या फडावर. तिथल्या मंडळीच्या तरुण पाळकांनी आणि त्यांच्या बायकोनं ठरवलं होतं की अशा अकरा मुलांना आपल्याकडे ठेवून घ्यायचं. जेवण त्या रांधणार होत्या. पण त्यांचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे उघडी पडवी. म्हणून घराशेजारी मुलांसाठी खोली बांधायची. वीस बाय बारा, विटांच्या भिंती, वर टिनाचं छत. हे काम आमच्याकडे आलं.

आमचे पुढारी एक निवृत्त प्राध्यापक होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. भला माणूस, अतिशय टापटिपीचा. त्यांनी एक पुस्तिका छापून आणली होती. तीत बांधकाम आणि मुलांचे धडे जोडीनं चालायचे होते. मंगळवारी पाया भरायचा, त्या दिवशी खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्याची आणि वाळूवर बांधणाऱ्या मूर्खाची गोष्ट. बुधवारी भिंती चढायच्या, तेव्हा ढासळलेला शहराचा कोट लोकांनी मिळून कसा बांधला ती गोष्ट. गुरुवारी दार, शुक्रवारी खिडकी, शनिवारी छत. रविवारी सकाळी मुलं नव्या खोलीत बसून गाणी म्हणणार, खोलीचं समर्पण होणार आणि दुपारच्या गाडीनं आम्ही परत. पुस्तिकेच्या मागच्या पानावर खोलीचा नकाशा होता. तो आदल्या वर्षीचाच होता. आदल्या वर्षी आम्ही मेळघाटात डोंगरातल्या एका पाड्यावर अगदी हीच खोली बांधली होती. तिथं दोन फुटांवर कातळ लागला होता. नकाशात पाया अडीच फूट.

गावकऱ्यांनी त्या मापानं चर आधीच खणून ठेवले होते. सोमवारी दुपारी जीपमधून उतरले आणि सामानही न ठेवता मी चराजवळ गेले. चराच्या चारी भिंती काळ्या, तळही काळा. पाया ज्यावर टेकवायचा त्या कडक मुरमाचा कुठं पिवळा कणसुद्धा नाही.

चराच्या काठावर मंगरूळपीरचे एक म्हातारे मिस्त्री दोरी बांधत होते. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मीही म्हटलं.

"चाचा, मुरूम कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे, मग खडूंच्या पिशवीकडे. "मुरूम? मुरूम खाली हाय बाई, लय खाली. तुमाले कसं मालूम?"

"बाप गवंडी होता."

"मंग तुमाले काय सांगू? उन्हाळ्यात या जमिनीले अशा भेगा पडते का माहा हात कोपरापर्यंत अंदर जाते. पावसाळ्यात हेच जमीन फुगून वर येते. अडीच फुटावर भित बसवली त दुसऱ्या पावसात कोपरा फाटतेच. म्या सरले फोनवर तीनदा सांगतलं. थे म्हंते, नकाशात अडीचच हाय."

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची ती सवयच आहे, ऐकून घेतात. मग म्हणाले, "ताई, मुरुमापर्यंत गेलो तर आठवडा खणण्यातच जाईल. आपल्याकडे पाच दिवस आहेत. तुम्ही मुलांचं बघा, हे आम्ही बघतो." मला राग आला, पण अंगात प्रवासाचा शीण होता आणि बायांना अजून चूल मांडायची होती. मी चुलीकडे वळले.

संध्याकाळी गावातले एक म्हातारे गृहस्थ भेटायला आले. काठी टेकून म्हणाले, "बाई, पोट्ट्याईले गोष्टी सांगा, गाने शिकवा, आमचं काई म्हननं नाई. पन थे देव बदलाचं काम करू नोका." मी म्हटलं, "बाबा, पंचवीस वर्षांत मला पोरांचं अक्षर बदलता आलं नाही, देव कुठला बदलते मी." ते हसले आणि दुसऱ्या दिवशी नातवाला स्वतः घेऊन आले.

त्यांच्या मागोमाग एक बाई आली. सोबत अकरा-बारा वर्षांची मुलगी आणि तिच्या बोटाला धरून पाच वर्षांचा भाऊ. बाई चराभोवती एक फेरी मारून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, याले दार राहीन नं?"

"राहणार ना. दाराशिवाय खोली असते का?"

"अंदरून कडी लागीन?"

"लागेल."

"मंग ठेवतो मी पोरीले. सहावीत हाय, मास्तर म्हंते हुशार हाय. रयवारी तुळशीचं लगन, सोमवारी सकाळी मुकादमाची गाडी येते. तवरिक खोली झाली त पोरगी इथं राहीन, शाळा शिकन. नाई झाली त संग नेतो. पडवीत नाई ठेवत मी तिले. मोठी होऊन राह्यली थे."

मी म्हटलं, "होईल हो, काळजी करू नका." तिची ही अट मी ऐकली होती. ऐकलं नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. मुलगी आईच्या मागे उभी राहून माझ्या पिशवीतले खडू मोजत होती.

मंगळवारी सकाळी कडुनिंबाखाली चाळीसेक पोरं जमली. प्रार्थना झाली, हातवारे करून म्हणायचं गाणं झालं. मी शहाण्याची आणि मूर्खाची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट मी झोपेतही सांगू शकते. पाऊस पडला, पूर आला, वारा सुटला, खडकावरचं घर उभं राहिलं, वाळूवरचं पडलं आणि त्याचा नाश मोठा झाला. पोरं खूश. पडण्याचा भाग त्यांना नेहमी आवडतो. मग त्या मुलीनं हात वर केला.

"बाई, आपल्या गावात खडक कुठं हाय?"

"म्हणजे?"

"इथं त समदी काळी मातीच हाय. मंग आमी समदेच मूर्ख का?"

पोरं खदखदून हसली. मी हसले नाही. पलीकडे चराजवळ सिमेंट कालवायचा आवाज येत होता. औषधांचे दुकानदार ओरडत होते, "आण रे, आण, ओतून टाकू." आणि इथं मी पोरांना पाया खडकावर घाला म्हणून सांगत होते. माझं डोकंच फिरलं. खडूचा डबा मुलीच्या हातात दिला, साडीचा काचा मारला आणि तडक चरात उतरले.

तिथं एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, पडली होती. ती उचलून मी तळात मारली. हातभर आत गेली, लोण्यात गेल्यासारखी. पुन्हा मारली, पुन्हा तेच. कालवलेल्या सिमेंटची घमेली घेऊन ती पोरं काठावर उभी होती.

"यात ओतणार आहात तुम्ही?" मी म्हटलं. "ओता. माझ्या अंगावर ओता. मी इथून हलत नाही." आणि मी खाली मातीत बसले. पन्नाशीची बाई चरात फतकल मारून बसली आहे हे दृश्य कसं दिसलं असेल, देव जाणे. तेव्हा मात्र मला आपण फार भारी दिसतो आहोत असं वाटत होतं.

सर आले. म्हणाले, "ताई, असं रागावून कसं चालेल? आपण आधी प्रार्थना करू या."

"करा ना. मी इथूनच आमेन म्हणते."

चाचांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. सरांनी डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना केली, मी चरातून आमेन म्हटलं. मग सरांनी चाचांना विचारलं, "मुरूम किती खाली असेल?" चाचा म्हणाले, "साडेपाच, सहा फूट. पन एकदा गेलं का मंग तुमच्या नातवाच्या नातवाले बी पाहाचं काम नाई."

सर माझ्याकडे वळले. "मग खोली पुरी होणार नाही, ताई. जोत्याच्या वर आपण जाणार नाही. हे तुम्हाला चालेल का?"

"नाही झाली तर नाही झाली," मी म्हणाले. "पडकी देण्यापेक्षा अर्धी बरी."

वर बघते तो सगळी पोरं काठावर. वर्ग सोडून माझ्या मागे आली होती. ती मुलगी खडूचा डबा पोटाशी धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मंग कधी होईन?" मी म्हटलं, "होईल गं पुढच्या महिन्यात." ती भावाला ओढून कडुनिंबाकडे गेली.

त्यानंतर शुक्रवारपर्यंत नुसतं खणणं. कारकुनांच्या तळहातांना फोड आले, कॉलेजातल्या पोरांनी फोटो काढणं बंद केलं. एका कोपऱ्यात पाणी लागलं, ते बादल्यांनी उपसत बसावं लागलं. मी सकाळी पोरांना शिकवायचे आणि दुपारी चरात उतरायचे. आता मला कोणी अडवत नव्हतं. सर तर स्वतः टोपलं धरायला येत होते. खरं सांगते, इतका चांगला आठवडा माझ्या वाट्याला पुष्कळ वर्षांत आला नव्हता. चाचा मला "उस्ताद की बेटी" म्हणू लागले होते आणि मी फुगून गेले होते.

पुस्तिकेचा मात्र बोऱ्या वाजला. बुधवारी मी कोटाची गोष्ट सांगितली तर एकही भिंत नाही. गुरुवारी दाराची सांगितली तर दाराची चौकट टिनांच्या थप्पीला टेकून उभी. "बाई, आज बी पायाच का?" पोरं रोज विचारायची. शुक्रवारी चाचांनी खालून हाक मारली आणि पिवळ्या मुरमाचं एक ढेकूळ वर फेकलं. सगळी पोरं ते बघायला धावली. मी ते हातात घेऊन फोडलं, कडक होतं. मला वडील आठवले आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी त्या मुलीची आठवण मला झाली असं मी म्हणू शकत नाही.

शनिवारी दगड भरले, रविवारी सकाळपर्यंत जोतं जमिनीच्या वर आलं. सुबक, कोपरे काटकोनात, ओळंब्यात. त्याच्यावर उभं राहून पोरांनी गाणी म्हटली. सरांनी जोत्याचं समर्पण केलं. खोलीचं समर्पण करतात, जोत्याचं करतात की नाही मला माहीत नाही, पण केलं.

मुलीची आई गर्दीच्या मागे उभी होती. आमेन झाल्यावर ती पुढे आली, जोत्यावर हात फिरवला आणि निघून गेली. तेव्हा कुठं मला तिचं पहिल्या दिवसाचं बोलणं आठवलं. गाडीला अडीच तास होते. मी तिच्या मागे गेले.

ती घरात पोत्यात भांडी भरत होती. परात, तवा, दोन डेगच्या. मुलगी पाण्याच्या कॅनला दोरी बांधत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीची तयारी.

मी दारातच उभी राहून म्हटलं, "वहिनी, महिनाभराचाच प्रश्न आहे. पाळकांची बायको पोरींना रात्री घरात घेईल, स्वतःजवळ. ठेवा ना हिला."

"त्यांचं घर केवढं, तुमाले मालूम हाय. अकरा पोट्टे, थे दोघं. मले नाई पटत." ती भांडी भरतच होती. "बसा बाई. च्या घेता का?"

"चहा नको. तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"कायले रागावू? पाया खोलच पाह्यजे. माह्या बापाच्या घराची भित अशीच फाटली होती, मले मालूम नाई का? तुमी बरोबरच केलं." मग तिनं तवा खाली ठेवला. "पन बाई, मले भित नोयती पाह्यजे. म्या पह्यल्याच दिशी इचारलं होतं, दार राहीन का, कडी राहीन का. टिनं पडून हाय तथी. चौकट हाय, दार हाय. त्या जोत्याच्या बाजूले चार बल्ल्या रोवल्या असत्या, टिनं ठोकले असते, दार लावलं असतं, एका दिवसाचं काम होतं. थंडीचे दिवस काढले असते पोरीनं त्याच्यात. मंग तुमी बांधत बसले असते तुमची भित, आरामानं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सोमवारपासून ते टिन तिथं होतं. आम्ही त्याला टेकून चहा प्यायचो. सोळा शिकलेली माणसं, चाचांसारखा मिस्त्री, आणि सहा दिवस आमचं डोकं चाललं ते फक्त पाया अडीच फूट की सहा फूट यावर. सरांना पुस्तिका पूर्ण करायची होती, मला खरं ठरायचं होतं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा, विनाकारण.

"मले कोनं इचारलं?"

मी म्हटलं, "आज करू. आत्ता जाऊन सांगते मी."

"आता राहू द्या बाई. मुकादमाले नाव देल्लं सकाळी. जोतं पाह्यलं अन् देल्लं. लहान्याले पाहाले, सयपाक कराले कोनी तरी पाह्यजेच फडावरच्या कोपीवर."

मुलीनं दोरीला गाठ मारली आणि खेचून बघितली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मला थांबता आलं असतं. शाळा उघडायला दोन दिवस होते, आणि एक दिवस उशिरा गेले असते तर मुख्याध्यापिकेनं मला फाशी दिली नसती. मुकादमाशी बोलता आलं असतं, त्या बाईपुढे पदर पसरता आला असता, दुपारभरात बल्ल्या रोवता आल्या असत्या. हात तर माझेच होते. पण नाव देऊन झालं आहे, हे तिनं सांगितलं आणि मी ते पटकन घेतलं. मला जरा सुटल्यासारखंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी जीपमध्ये बसले. जऊळक्याच्या फलाटावर सर म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे काम पक्कं झालं." मी ते कौतुकही घेतलं.

सोमवारी गाडी आली, अकरातली नऊ मुलं गेली, असं पाळकांनी फोनवर कळवलं. उरलेल्या दोघांना त्यांच्या गावातल्याच मावशीनं ठेवून घेतलं होतं. खोली चाचांनी आपल्या सवडीनं चढवली. संक्रांतीनंतर कधीतरी छत चढलं. पाळक फोटो पाठवायचे, मी बघायचे आणि ठेवून द्यायचे.

पुढच्या वर्षी आमची मंडळी दुसऱ्याच गावी जाणार होती. मी नाव दिलं नाही. त्याच दिवसांत एकटीच रेल्वेनं जऊळक्याला उतरले आणि वस्तीवर गेले. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही होऊन गेले होते. आसपासच्या घरांच्या भिंतींना भेगा होत्या, शाळेच्या संडासाचा कोपरा सुटला होता. खोलीच्या भिंतीवर मी आतून-बाहेरून तळहात फिरवला. चारी कोपऱ्यांत केस जाईल एवढीही चीर नव्हती. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

मग मी त्या घरी गेले. आई बाजारात गेली होती. मुलगी ओट्यावर बसून भाकरी थापत होती. चांगलीच उंच झाली होती, हात राठ झाले होते. भाऊ अंगणात नवं दप्तर पाठीला लावून गरागरा फिरत होता. तिनं मला ओळखलं, उठून पाणी दिलं.

"शाळा?" मी विचारलं.

"नाव हाय पटावर." पुन्हा भाकरीला बसली. "बाई, तुमची खोली लय चांगली झाली. आई पाहून आली. चारी कोपरे पाह्यले तिनं, कडी लावून पाह्यली. म्हने, आता भेव नाई. यंदा लहान्याले ठेवतो म्हने तथी. पह्यलीत गेला थो."

"आणि तू?"

"मी?" ती हसली. "मी त आता कामाची झाली बाई. बाप म्हंते, मोळ्या बांधाले आईपेक्षा माहा हात चालते." तिला त्याचा अभिमान वाटत होता, स्पष्ट दिसत होतं.

मी तांब्या हातात घेऊन बसून राहिले. सहावीतली हुशार मुलगी, असं मास्तर म्हणाले होते. भाऊ दप्तरासकट येऊन तिच्या पाठीवर पडला. तिनं पिठाच्या हातानंच त्याला पुढे ओढलं आणि मला म्हणाली,

"पास्टरबाईले सांगजा, थो रात्री भेते. त्याले मधात नोका झोपवू म्हना. भितीजवळ झोपवजा. भित पक्की हाय."

मी सांगते म्हणाले.